पुलापलीकडचं भाडं

"हलू नका हो अडतीस, टाचणी टोचेल," मास्तर तोंडात दोन टाचण्या धरून म्हणाले. "आणि खरं सांगा, पलीकडे पाणी रोज येतं?"

"रोज. सकाळ-संध्याकाळ."

"आणि वीज?"

"इथल्या निम्म्या दरात. सहा महिने राहतोय मी तिथे मास्तर, अंधारात चाचपडत येतो का कामावर?"

मी त्यांच्या खोलीत स्टुलावर उभा होतो आणि ते गुडघे टेकून माझ्या नव्या पँटची उंची धरत होते. मास्तर घरच्या घरी शिवणकाम करायचे. नवं शिवायला आता कोण येतंय; आखूड करणं, सैल करणं, चेन बदलणं, हेच काम. माणसांची नावं त्यांच्या लक्षात राहत नसत, पण कंबर एकदा मोजली की कायमची पाठ. त्यामुळे ओळखीतल्या झाडून सगळ्यांना ते मापाने हाक मारायचे. मी आधी बत्तीस होतो, मग चौतीस झालो, आता अडतीस. नोकरीत न मिळालेली बढती मला कमरेने दिली, असं ते चारचौघांत सांगायचे. मला राग यायचा नाही, कारण ते खरं होतं.

"अहो, त्यांना आधी खाली तर उतरू द्या," ओट्याकडून सिस्टर म्हणाल्या. "भाऊ, चहा घेऊनच जा."

सिस्टर म्हणजे मास्तरांची बायको. नदीकाठच्या सरकारी हॉस्पिटलात, कॅज्युअल्टीत त्या मोठ्या नर्स आणि मी तिथलाच नोंदणीचा कारकून. त्यांचं टेबल आणि माझी खिडकी एकोणीस वर्षं समोरासमोर. पेशंट दारातून आत आला की त्याचं शरीर त्यांच्याकडे आणि नाव-पत्ता माझ्याकडे, अशी आमची वाटणी होती.

त्या दिवशी पँट हे निमित्त होतं. घरमालकाची चिठ्ठी आली होती. दोन वर्षांत तिसऱ्यांदा भाडं वाढवलं होतं आणि जमत नसेल तर महिनाअखेर खोली रिकामी करा, असं नम्रपणे लिहिलं होतं. एवढ्या नम्रपणाचा मला नेहमी संशय येतो. सिस्टर गेलं वर्षभर आठवड्याला तीन तीन डबल ड्युट्या करत होत्या. निवृत्तीला चार वर्षं राहिली होती आणि गाठीला काही नव्हतं.

आमचं गाव नदीच्या दोन्ही काठांना आहे. बाजार एक, बोली एक, सोयरिकी सुद्धा इकडच्या तिकडे. पण दोन राज्यांची हद्द नदीच्या मधोमध जाते, पुलावर त्या जागी एक पांढरा पट्टा मारलेला आहे. पट्ट्याच्या अलीकडचं राज्य पैसेवालं. पगार बरे, आणि पगार बरे म्हणून बाकी सगळं महाग. पलीकडे सगळं निम्म्यात. भाडं, वीज, दूध, बसचा पास, सगळं. नोकरी अलीकडे आणि बिऱ्हाड पलीकडे ही युक्ती आमच्या विभागात पहिल्यांदा मी केली, आणि केल्यापासून गप्प बसलो नव्हतो. फुकटचा सल्ला द्यायला माझ्याइतका हौशी माणूस आख्ख्या हॉस्पिटलात दुसरा नसेल.

"माझ्या शेजारच्याच बिल्डिंगमध्ये दोन खोल्या आहेत," मी बशीत चहा ओतत म्हणालो. "तिसरा मजला. खिडकी मोठी. भाडं सांगू?"

मी सांगितलं. सिस्टर ओट्याशी वळून उभ्या राहिल्या. त्या आकड्यात त्यांच्या सगळ्या डबल ड्युट्या निघून जात होत्या, हे त्यांना सांगावं लागलं नाही.

"आणि माझं गिऱ्हाईक?" मास्तर म्हणाले. "चेन बदलायला माणूस राज्य बदलून येणार?"

"पलीकडच्यांना काय कंबर नसते?"

यावर मास्तर मोठ्याने हसले. सिस्टर मात्र हसल्या नाहीत. पदराला हात पुसत त्या म्हणाल्या, "सगळं पटतंय भाऊ. एकच शंका आहे. ह्यांच्या छातीचं काय?"

दोन वर्षांपूर्वी मास्तर आमच्याच विभागात चार दिवस होते. तेव्हा रिक्षा मिळायला अर्धा तास गेला होता आणि तरी वेळ निभावली होती. मी कप खाली ठेवला. "सिस्टर, रविवारी या. मी तुम्हाला तिथल्या गच्चीवर नेतो. मग बोला."

रविवारी ते दोघं आले. मास्तरांनी आधी शिवणयंत्र कुठे बसेल ते पाहिलं, खिडकीतला उजेड डाव्या बाजूने येतो याची खात्री केली. सिस्टरांनी नळ सोडून बघितले, जिन्याच्या पायऱ्या मोजल्या. घरमालक खाली तळमजल्यावर राहायचा, सिमेंटचा व्यापारी, आडवातिडवा माणूस. "चव्वेचाळीस," मास्तर माझ्या कानात म्हणाले, "आणि पट्टा चुकीच्या भोकात लावलाय." मग मी सगळ्यांना गच्चीवर घेऊन गेलो आणि हात लांब करून दाखवलं. नदीपलीकडे झाडांच्या वर आमच्या हॉस्पिटलाची इमारत आणि तिच्यावरची लाल अक्षरं स्पष्ट वाचता येत होती. जणू ते हॉस्पिटल मीच बांधलं होतं, अशा थाटात मी म्हणालो, "पूल धरून सात मिनिटं. तुमच्या आत्ताच्या घरापेक्षा हे जवळ आहे. मोजून बघा."

सिस्टर कठड्याला टेकून बराच वेळ त्या अक्षरांकडे बघत राहिल्या. "हो, जवळ आहे," त्या म्हणाल्या. त्यांची शेवटची शंका त्या दिवशी तिथे फिटली, आणि फेडली ती मी. माझ्या बोलण्यात एक शब्द खोटा नव्हता. रस्ता खरोखर सात मिनिटांचाच आहे, मी आजही रोज जातो.

उतरताना मास्तर मुद्दाम मागे राहिले. जिन्यात त्यांनी माझा दंड धरला. "अडतीस, मला नाही हलायचं तिथून. पस्तीस वर्षांची गिऱ्हाइकं आहेत. रस्त्यात उभं राहिलं तरी दहा माणसं विचारतात."

"मग तसं सांगा ना सिस्टरांना."

"तिचे पाय बघितलेत? संध्याकाळी चपलेत मावत नाहीत. मी तिला सांगणार आणि ती माझ्यासाठी आणखी चार वर्षं डबल करणार. ते नको. तुम्ही बोलू नका काही." मग त्यांनी खिडकीतून खाली बघितलं आणि आवाज चढवून, सिस्टरांना ऐकू जाईल असं म्हणाले, "जागा एक नंबर आहे बुवा! मला तर फार आवडली!"

मी बोललो नाही. एरवी पोटात काही न ठेवणारा माणूस मी, नेमकं तेवढं ठेवलं.

पलीकडचे आठ महिने चांगले गेले, हे सांगितलंच पाहिजे. नाहीतर सगळंच वाईट होतं असं वाटेल. सिस्टरांच्या डबल ड्युट्या बंद झाल्या. सकाळी आम्ही दोघं एकाच बसने पूल ओलांडायचो आणि त्या चक्क खिडकीशी बसून बाहेर बघायच्या. आधी बसमध्ये त्या झोपत असत. मास्तरांना एका शाळेच्या गणवेशांचं काम मिळालं. त्यांनी नव्या राज्याचं ओळखपत्र काढलं, आरोग्य योजनेचं कार्ड काढलं, आणि ते खिशातून काढून मला दाखवत म्हणाले, "आता मी परराज्यातला माणूस. आमच्या सिस्टर मात्र रोज परदेशी नोकरीला जातात." संध्याकाळी ते गच्चीवर खुर्च्या टाकून बसायचे. माझी बायको म्हणायची, या वयात यांचं नव्याने लग्न झाल्यासारखं वाटतंय. ती असं सहसा कुणाबद्दल चांगलं बोलत नाही.

त्या सोमवारी सकाळी अकराच्या सुमाराला सिस्टरांचा मोबाइल वाजला. विभागात गर्दी नव्हती. नाव मास्तरांचं होतं, आवाज मात्र घरमालकाचा. त्याला मोठ्याने बोलायची सवय, मला खिडकीतून ऐकू येत होतं.

"बाई, मास्तर जिन्यात बसलेत. घाम फुटलाय नुसता, बोलता येत नाहीये. माझी गाडी दारातच उभी आहे, मागच्या सीटवर घालतो आणि आणतो तुमच्याकडे. आणू?"

"नको!" सिस्टर इतक्या जोरात म्हणाल्या की वॉर्डबॉयने वळून बघितलं. "उचलू नका त्यांना. हात लावू नका. आहेत तिथेच टेकून बसवा. शर्टाची बटणं काढा. वर कपाटात डाव्या कप्प्यात लाल डबी आहे, त्यातली गोळी जिभेखाली ठेवा. आणि तुमच्या फोनवरून ॲम्ब्युलन्स बोलवा, आत्ता. पाच मिनिटांत येते ती."

"पण गाडी आहे ना इथे—"

"माझं ऐका. मी नर्स आहे."

त्यांचं चूक नव्हतं. एकोणीस वर्षांत आम्ही काय काय पाहिलं होतं. रिक्षात दुमडून आणलेली माणसं, चौघांनी हातापायांना धरून तीन मजले उतरवलेली माणसं. ॲम्ब्युलन्समध्ये ऑक्सिजन असतो, झटके देण्याचं यंत्र असतं, शिकलेला माणूस असतो. "कशाला उचललंत? गाडी का नाही बोलावली?" असं सिस्टर नातेवाइकांना विचारायच्या आणि नातेवाईक रडायचे. तेच ज्ञान त्या क्षणी त्यांच्या तोंडून बाहेर पडलं. दुसरी कुणी बाई असती, साधी, काही न शिकलेली, तर ती "आणा, आणा, लवकर आणा" म्हणाली असती.

"मी स्कूटर काढतो," मी उठून म्हणालो.

"स्कूटरवर बसवणार आहात का त्यांना? बसा. केसपेपर तयार करा."

मी बसलो. नाव, वय एकसष्ट, पत्ता पलीकडच्या राज्याचा. पेशंट दारात आला की लगेच आत घेता यावा, म्हणून वेळेच्या रकान्यात अकरा वाजून पंचवीस मिनिटं असं आगाऊच लिहून टाकलं. सिस्टरांनी चार नंबरच्या बेडवर स्वतः चादर घातली, डॉक्टरांना बोलावलं, ईसीजीचं मशीन ओढून आणलं. सगळं डोळ्यांत तेल घालून केलं. मग त्या स्ट्रेचर घेऊन दारात उभ्या राहिल्या, दोन्ही हात दांडीवर. मी त्यांच्या शेजारी जाऊन उभा राहिलो.

सायरन ऐकू आला. नदीवरून आवाज स्वच्छ येतो. "आली," सिस्टर म्हणाल्या. घरमालकाचा पुन्हा फोन आला की गाडी वेळेत आली, मास्तरांना आत घेतलं, मास्तर शुद्धीवर आहेत, गाडी निघाली. त्यांनी पदराने कपाळ पुसलं.

आम्ही पुलाकडे बघत होतो. सायरन वाजत होता. मग तो जवळ यायच्या ऐवजी लांब जाऊ लागला. मला वाटलं वारा फिरला असेल. मी सिस्टरांकडे बघितलं नाही. आवाज बारीक बारीक होत गेला आणि पुलावरून एक दुधाचा टेम्पो तेवढा आला.

तेव्हा त्यांनी मास्तरांच्या मोबाइलवर फोन लावला. एका तरुण मुलाने उचलला.

"मॅडम, मी गाडीतला अटेंडंट बोलतोय. पेशंटला घेऊन आम्ही जिल्हा रुग्णालयाकडे निघालोय."

"जिल्हा रुग्णालय पन्नास किलोमीटरवर आहे. अहो, पूल तुमच्या मागे आहे. मागे वळा. मी दारात उभी आहे, सगळं तयार आहे."

"मॅडम, आम्हाला हद्द ओलांडता येत नाही. आपल्याच राज्याच्या हॉस्पिटलात न्यायचा हुकूम आहे. गाडी कुठे जाते ते वर ऑफिसात मशीनवर दिसतं."

"पूर्वी येत होत्या तुमच्या गाड्या."

"या वर्षापासून बंद झालं, मॅडम."

आमच्या हॉस्पिटलची गाडी पूल ओलांडू शकत नाही, हे आम्हाला पक्कं ठाऊक होतं. त्यांची गाडीही ओलांडू शकत नाही, हे ठाऊक नव्हतं. पण मला तरी ठाऊक असायला हवं होतं. कोण पेशंट कशातून आला, हे मीच लिहितो. रिक्षा, स्वतःची गाडी, ॲम्ब्युलन्स, कुठली ॲम्ब्युलन्स. नंतर मी वही उलटी चाळली, तर पाच महिन्यांत पलीकडच्या गाडीची एकही नोंद नव्हती. ते पान न् पान माझ्या हाताने लिहिलेलं होतं आणि एकदाही माझ्या डोक्यात उजेड पडला नव्हता.

सिस्टर ओरडल्या नाहीत. त्यांनी त्या मुलाला नाडी विचारली, ब्लडप्रेशर विचारलं, आणि काय काय करायचं ते सांगायला सुरुवात केली. सांगता सांगता त्या माझ्या स्कूटरकडे चालू लागल्या.

मी आयुष्यात इतक्या जोरात स्कूटर चालवलेली नाही. पांढरा पट्टा केव्हा मागे गेला ते कळलं नाही. मागे बसून सिस्टर एका हाताने माझा खांदा धरून दुसऱ्या हातातल्या फोनवर बोलत होत्या. "आता किती आहे?... डोकं वर घे... त्यांना माझा आवाज ऐकव. अहो, मी येतेय. ऐकताय ना? मी मागेच आहे." वाऱ्यामुळे त्यांना अर्धं ऐकू येत नव्हतं, तेव्हा त्या तेच तेच विचारत होत्या. वीस-बावीस किलोमीटर झाल्यावर त्या एकदम म्हणाल्या, "फोन बाजूला ठेव. दोन्ही हातांनी छाती दाब. थांबू नकोस." मग बोलणं संपलं. मी आरशात बघायचं टाळलं.

जिल्हा रुग्णालयाच्या दारात तो अटेंडंट पायरीवर बसला होता. विशी-बाविशीचा मुलगा, गणवेशाचा शर्ट घामाने पाठीला चिकटलेला. आम्हाला बघून तो उठला आणि बाजूला सरकला. आत डॉक्टरांनी सिस्टरांना जे सांगायचं ते सांगितलं. त्यांनी वेळ विचारली. मग त्या मास्तरांजवळ गेल्या, त्यांच्या शर्टाची बटणं एकेक करून लावली, वरचं सुद्धा, जे मास्तर कधीच लावत नसत.

बाहेर आल्यावर सिस्टर त्या मुलाजवळ थांबल्या. "किती वेळ छाती दाबलीस?"

"इथे पोहोचेपर्यंत, मॅडम. पस्तीस एक मिनिटं."

"खांदे भरून आले असतील," त्या म्हणाल्या. "रात्री गरम पाण्याने शेक."

तो मुलगा तोंड झाकून रडायला लागला. मीही रडलो. त्या दोघांमध्ये मला उगीच घुसल्यासारखं वाटत होतं, पण आवरेना.

चौथ्या दिवशी मला वहीतली ती नोंद निकाली काढावी लागली. केसपेपरला नंबर पडलेला असतो. नंबर असा हवेत ठेवता येत नाही, शेरा लागतो. मी पेन घेऊन तासभर बसलो असेन. शेवटी लिहिलं, 'रुग्ण आला नाही.' सिस्टर कामावर आल्या तेव्हा त्यांनी वही मागून घेतली, ती ओळ वाचली, वही परत दिली. "बरोबर लिहिलंत," एवढंच म्हणाल्या.

विभागातले सगळे त्यांच्या मागे लागले की आता पलीकडे राहू नका, परत या. डॉक्टरांनी एक खोली सुद्धा शोधली. सिस्टरांनी जाऊन बघितली आणि दुसऱ्या दिवशी बसमध्ये मला सांगितलं, "खोली चांगली आहे. पण ते शिवायचे त्यात किराणा तरी निघायचा. आता एकच पगार. अलीकडे राहायचं तर पुन्हा डबल ड्युट्या आल्या. माणूस कमी झालं म्हणून भाडं निम्मं होत नाही भाऊ."

"मग?"

"मग काय. तिथेच राहते. परवडतं."

बस पुलावर होती. मला वाटलं आता बोललो नाही तर कधीच बोलू शकणार नाही. मी म्हणालो, "सिस्टर, मी त्या गच्चीवर तुम्हाला नेलं नसतं तर..."

"तर दुसरं कुणी नेलं असतं. भाडं का तुम्ही वाढवलंत?"

"आणि मास्तरांना यायचं नव्हतं. ते मला जिन्यात बोलले होते. मी तुम्हाला सांगितलं नाही."

हे मी बोलायला नको होतं. स्वतःचं ओझं उतरवायला मी ते त्यांच्या मांडीवर ठेवलं, हे शब्द तोंडातून गेल्यावर कळलं. पूल संपला, आमचा थांबा आला, लोक उतरू लागले.

"मला माहीत होतं," त्या उठताना म्हणाल्या. "जागा आवडली की हे कधी ओरडून सांगत नसत. माहीत होतं, पण माझे पाय फार दुखत होते."

त्यानंतर मी कानाला खडा लावला. कुणी घर, भाडं, पलीकडे असं काही काढलं की मी वहीत तोंड घालतो. लोकांना वाटतं मी खडूस झालोय. होऊ दे.

या गोष्टीला दीड वर्ष झालं. गेल्या महिन्यात आमच्याकडे एक नवीन नर्स लागली. पोरगी चुणचुणीत आहे, दिवसभर तोंड चालू. घरी वडील आणि ती, दोघंच, वडिलांना दमा. अलीकडच्या भाड्यांनी तिच्या नाकी नऊ आले होते. मास्तरांचं तिला काही ठाऊक नव्हतं. नव्या माणसाला पहिल्याच महिन्यात असलं कोण सांगतं?

"काका, तुम्ही पलीकडे राहता ना? कसं आहे हो तिकडे?" तिने माझ्या खिडकीतून डोकं आत घालून विचारलं.

"मला काही विचारू नकोस," मी म्हणालो.

मग ती सिस्टरांकडे गेली. त्या औषधांची ट्रॉली लावत होत्या. मी इथून बघत होतो, माझं पेन थांबलेलं होतं. मला वाटलं, आता त्या 'येऊ नकोस' म्हणतील. म्हणाव्यात असंही वाटत होतं आणि म्हटलं तर ती पोरगी राहणार कुठे, हेही कळत होतं.

"भाडं निम्मं आहे," सिस्टर म्हणाल्या. "खरंच निम्मं. पाणी रोज येतं. वीज स्वस्त आहे. बस दर दहा मिनिटांनी."

"मग येऊच का?"

"ये. नाही येऊन करशील काय?" त्यांनी एक बाटली उचलून तारीख वाचली आणि परत ठेवली. "पण खोली बघू नकोस आधी. मालक बघ. त्याच्याकडे चारचाकी आहे का बघ."

"गाडी कशाला? बस आहे ना?"

"गाडी बघ. आणि मालक अडेलतट्टू बघ. कसा पाहिजे सांगू? बाबांना कधी जास्त झालं आणि तो तुला फोन करून विचारायला लागला, की आणू का. आणि तू इथून ओरडलीस, की हात लावू नका, मी नर्स आहे, माझं ऐका." त्यांनी पुढची बाटली उचलली. "तर तुझं अजिबात न ऐकता जो त्यांना उचलून गाडीत घालेल, तसा माणूस बघ. त्याच्याकडे खोली घे. चार पैसे जास्त पडले तरी घे."

पोरगी खळखळून हसली. तिला वाटलं, मोठ्या सिस्टर गंमत करतायत.